मागच्या सीटवरची सवत

लिफ्टमास्तरांची बायको तिच्या बहिणीला भेटू शकली नाही. हे आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याने शेवटपर्यंत आशा धरून बसायला नको. मी धरली होती.

मास्तर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, तिसऱ्या. छत्तीस वर्षं त्यांनी लिफ्ट बसवल्या आणि दुरुस्त केल्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. यावर जेवढे विनोद व्हायचे तेवढे इमारतीत होऊन गेले आहेत. मास्तरांचं उत्तर ठरलेलं असतं. "न्हाव्याचे केस दुसऱ्यानेच कापायचे असतात."

उंची बेताची, बोटं जाड, खिशात टेप आणि पेन्सिल. बोलणं मोजकं. जिन्यात भेटले की मला म्हणायचे, "काय एमेबाई, मिळाली का नोकरी?" मी साहित्यात एम.ए. केलं आहे, त्यामुळे नोकरी नव्हती. माझे वडील लोकांना गाडी चालवायला शिकवायचे, त्यामुळे मला गाडी येत होती. मास्तरांना येत नव्हती. "आयुष्यभर वर-खाली केलं," ते म्हणायचे. "आडवा कधी गेलोच नाही."

त्यांच्या कामाचा एक नियम होता. आधी रिकामी, मग वजन, माणूस शेवटी. नवी लिफ्ट आधी रिकामी चालवायची. मग आत लोखंडी वजनं ठेवून. आकडे जुळले, तरच माणूस. आणि दोरी बदलली, मोटर बदलली, आतलं वजन बदललं, तर जुने आकडे फाडून टाकायचे. पुन्हा पहिल्यापासून.

हा नियम सगळ्याच लिफ्टवाल्यांना शिकवतात. मास्तरांच्या अंगात तो एका पहारेकऱ्यामुळे मुरला. ते चोवीस वर्षांचे होते. एका सहा मजली कचेरीत त्यांनी दोरी बदलली. चाचणी आदल्या दिवशी झाली होती, जुन्या दोरीवर. साहेब घाईत होते. मास्तर म्हणाले, चालेल. म्हातारा पहारेकरी काहीतरी सांगत सांगत आत शिरला आणि लिफ्ट अर्धा फूट खाली बसली. फक्त अर्धा फूट. पण त्याची जीभ दातांखाली आली. तो जन्मभर बोबडं बोलला. मास्तर त्या कचेरीत पुढे अकरा वर्षं देखभालीला जात होते. प्रत्येक वेळी तो पहारेकरी उठून दार उघडायचा आणि विचारायचा, "बलं आहे ना माश्तल?"

हे मास्तरांनी मला एकदाच सांगितलं. सांगताना ते हसले नाहीत, मीही नाही.

काकू, म्हणजे मास्तरांची बायको, शाळेत शिवण शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी आजार झाला आणि तो हाडांत पसरला. मणके खडूसारखे झालेत, असं डॉक्टर म्हणाले. काकूंना ते पटलं. "जन्मभर कापडावर खडू झिजवला. आता माझी पाळी."

त्यांची थोरली बहीण बासष्ट किलोमीटरवर राहते. तिला सगळे ताई म्हणतात. ताईंना अर्धांगवायू झाल्यापासून त्या पलंगावरच आहेत. त्यांना हलवायचं म्हणजे चार माणसं लागतात. रोज सकाळी दहाला दोघी बहिणी फोनवर बोलायच्या. काय खाल्लं, झोप लागली का, अमकीच्या सुनेनं काय केलं. शेवटी ताई विचारायच्या, "मग, कधी येतेस?" काकू म्हणायच्या, "येते गं."

काकूंना एवढंच हवं होतं. एकदा ताईसमोर खुर्चीत बसायचं. ॲम्ब्युलन्समधून नाही. "निजून गेले तर ती मला बघायच्या आधीच रडायला लागेल. मला चहा घेऊन परत यायचंय."

एकदा टॅक्सी बोलावली होती. त्रेपन्न पायऱ्या काकूंना खुर्चीत बसवून खाली नेलं. टॅक्सीची सीट इतकी खाली होती की त्यांना वाकवावं लागलं. दुसऱ्या गतिरोधकावर त्यांनी मास्तरांचा दंड धरला. चौथ्यावर काही बोलेनाशा झाल्या. अडीच किलोमीटरवरून परत आणलं. पुढचे दोन आठवडे त्यांना कूस बदलता येत नव्हती.

त्या दोन आठवड्यांत मास्तरांनी ठरवलं, गाडी घ्यायची. छोटी एसयूव्ही. कारण सीट उंच असते. वाकायचं नाही, चढायचं नाही, खुर्चीवरून आडवं सरकायचं. त्यांनी काकूंची कंबर जमिनीपासून मोजली. मग रस्त्यात उभ्या असलेल्या लोकांच्या गाड्या मोजत फिरले. एका गाडीवाल्याने चोर समजून आरडाओरडा केला. "चोर टेप घेऊन येतो का?" मास्तर म्हणाले आणि माप लिहून घेतलं. सव्वीस इंच.

पैशाचा प्रश्न नव्हता. निवृत्तीचे होते. मूलबाळ नव्हतं. "कुठली तरी एक घ्या आणि मोकळे व्हा," काकू म्हणाल्या.

"कुठली तरी?" मास्तरांनी असं विचारलं, की जणू काकूंनी कुठल्या तरी नवऱ्याबद्दल सांगितलं होतं.

मग घरात एक चाचणी झाली. पुढचं सगळं तिच्यावरच आहे, म्हणून नीट सांगते. काकूंना चाकांच्या खुर्चीत बसवलं. त्यांच्या मांडीवर काचेचा ग्लास. ग्लासाला बाहेरून लाल दोरा बांधलेला, दोऱ्यापर्यंत पाणी. मास्तरांनी जमिनीवर एक पातळ फळी ठेवली आणि खुर्ची हळूच तिच्यावरून नेली. मग दोन फळ्या, मग तीन. दर वेळी किती पाणी सांडलं ते औषधाच्या चमच्याने परत भरून मोजलं. एक चमचा, तीन चमचे. पाच चमच्यांना काकू म्हणाल्या, "पुरे."

मास्तरांनी मला वही दिली. "लिही. मर्यादा, पाच चमचे." माझं अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडे आली. एम.ए.चा तेवढा उपयोग झाला.

मग वजन. काकू तेव्हा शेहेचाळीस किलो होत्या. काकूंनी स्वतःच जुन्या गादीच्या खोळीची एक पिशवी शिवली. बसून सगळी शिवणं जमत नव्हतं, म्हणून रोज थोडी थोडी. खाली रुंद, वर निमुळती, बसलेल्या बाईसारखी. मांडीच्या जागी ग्लास मावेल असा कप्पा. मास्तरांनी तिच्यात शेहेचाळीस किलो वाळू भरली आणि खुर्चीत बसवली. ती काकूंपेक्षा ताठ बसली.

काकूंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "चाळीस वर्षं संसार केला," त्या मला म्हणाल्या, "आणि या वयात सवत आणली बघ."

तेव्हापासून ती सवतच झाली.

गाड्या तीन ठरल्या. तीन वेगवेगळी दुकानं. मास्तर गाड्यांची नावं घेत नसत, रंगच सांगत. पांढरी, लाल, राखाडी. प्रत्येक दुकानाचा टेस्ट ड्राइव्हचा एक रस्ता ठरलेला असतो. गुळगुळीत, झाडांचा. मास्तरांना तो नको होता. त्यांना दगडाच्या वखारींमागचा रस्ता हवा होता. त्यावर अकरा गतिरोधक आहेत आणि मध्ये डांबर उखडलेलं आहे. तोच रस्ता पुढे हॉस्पिटलला जातो आणि त्याच्याही पुढे ताईंकडे.

राखाडी गाडीच्या दुकानातला विक्रेता तरुण होता. टाय घट्ट बांधलेला. आम्ही दोघं सवतीला काखेत धरून दारातून आत आलो, तेव्हा तो खुर्चीवरून उठला.

"सर, हे काय आहे?"

"वजन."

"कसलं?"

"माझ्या बायकोचं."

टायवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी सवतीला मागच्या सीटवर सरकवून बेल्ट लावत होते.

"मॅडम येणार नाहीत का?"

"येतील," मास्तर म्हणाले. "शेवटी."

मी गाडी चालवायची. टायवाला माझ्या शेजारी. मास्तर मागे, सवतीच्या बाजूला, ग्लासावर डोळे लावून. प्रत्येक गतिरोधकावर वेग सारखा हवा. तिन्ही गाड्यांना सारखा. टायवाला टचस्क्रीनबद्दल सांगत होता, छत उघडतं म्हणत होता. मास्तर मागून म्हणाले, "साहेब, जरा गप्प बसता? चौथा येतोय."

उखडलेल्या डांबरावर गाडी डुचमळली. "सांडलं," मास्तर म्हणाले. रस्ताभर ते एवढंच बोलत होते. सांडलं. नाही सांडलं. थोडं.

परत आल्यावर ते चमच्याने मोजू लागले, तेव्हा टायवाला चेष्टेने म्हणाला, "सर, आमची गाडी पाण्याचा टँकर नाहीये."

"टँकरवाले तुमच्याहून जपून नेतात," मास्तर म्हणाले. "आठ."

पांढरीचे अकरा आले होते. लालचे सात. राखाडीचे आठ. मी तीन रकान्यांत लिहिलं. पाचच्या आत कुणीच नव्हतं.

घरी गेलो की काकू विचारायच्या, "आली का फिरून माझी सवत?"

"आली."

"काय म्हणते?"

"आठ चमचे."

"लाडावलीय. मी एवढं कधी सांडलं नाही."

पहिल्या फेरीला महिना गेला. दुकानं गाडी लगेच देत नाहीत, वेळ घ्यावी लागते. सात आणि आठ जवळचे आकडे, म्हणून मास्तरांनी लाल आणि राखाडी दोन दोनदा तपासल्या. मग डॉक्टरांची घरी यायची तारीख आली. काकू बेचाळीस किलो भरल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर जमिनीवर बसून सवतीची वरची शिवण उसवत होते. बाजूला बादली. त्यांनी वाटीवाटीने चार किलो वाळू काढली. मग वहीचं पान माझ्यासमोर धरलं आणि फाडलं.

"मास्तर, चार किलोंनी काय फरक पडतो?"

"हलकी वस्तू जास्त उडते," ते म्हणाले. "रिकाम्या लिफ्टला सगळ्यात जास्त हिसका बसतो. विचार कुणालाही."

मी कुणाला विचारणार. आम्ही पुन्हा तिन्ही दुकानांत गेलो. पांढरी घ्यायची नाही हे ठरलं होतं, तरी तिचीही चाचणी झाली. पांढरीचे तेरा आले. लालचे दहा. राखाडीचे सात.

राखाडीचे उलट कमी झाले, पण चार किलोंनी फरक पडत होता. म्हणजे ते बरोबर होते. शेहेचाळीस किलोंना लाल बरी होती आणि बेचाळीसला राखाडी. त्यांचं काही चुकत असतं, तर मी भांडले असते.

एका दुपारी मास्तर औषधं आणायला गेले होते. काकूंनी मला जवळ बसवलं. "तूच सांग. यातली कुठली चांगली?"

"सगळ्याच चांगल्या आहेत, काकू."

"मग सांग ना त्यांना. गाड्यांचं स्वयंवर मांडून बसलेत. नवरी म्हातारी होऊन मरायची."

"सांगते."

मी सांगितलं, जिन्यात. मास्तर दोन पायऱ्या वर होते. त्यांनी ऐकून घेतलं. "तिने पाचला पुरे म्हटलं," ते म्हणाले. "तू होतीस तिथे. सातवर बसवू का तिला? बासष्ट किलोमीटर?"

मी वही घेऊन खाली आले.

पुढच्या रविवारी सकाळी टायवाल्याने गाडी घरीच आणली. मी काकूंना हे आधी सांगून ठेवलं होतं. टायवाला फोनवर म्हणाला होता, दिवसभर ठेवा, मॅडमना कुठे न्यायचं तिथे न्या. वर काकू तयार होत्या. त्यांनी मला सातलाच हाक मारली होती. मी केस विंचरून दिले होते. बाहेर जायचे कपडे घातले होते. दोन वर्षं न वापरलेले बूट काढले होते. बूट सैल होत होते, म्हणून पायमोजे दोन दोन घातले. त्या खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर ताईंसाठी शिवलेला उशीचा अभ्रा होता. घडी केलेला.

मास्तर आतल्या खोलीतून सवतीला घेऊन आले. त्यांनी काकूंना बघितलं. मग बूट बघितले.

"हे काय?"

"अहो, गाडी दिवसभर आहे. ही चालवेल. चार माणसं बोलावली की झालं. संध्याकाळी परत."

"आकडा सात आहे."

"सातच तर आहे."

"पाच म्हणाली होतीस."

"तेव्हा म्हणाले होते."

टायवाला दारात उभा होता. तो म्हणाला, "सर, मॅडमना एकदा बसवून बघा तरी. मी हळू नेतो."

"त्या साहेबांनाही घाई होती," मास्तर म्हणाले. कुठल्या साहेबांना, ते टायवाल्याला कळलं नाही. मला कळलं.

"अहो," काकू म्हणाल्या. मास्तर त्यांच्याकडे न बघता सवतीला उचलायचा पट्टा आवळत होते. तो दोनदा सुटला.

"हवा कमी करून बघू," ते म्हणाले. "टायरमधली. कदाचित पाचच्या आत येईल. आज ही चाचणी होऊ दे. माणूस शेवटी, गं."

आम्ही सवतीला खाली नेलं. त्रेपन्न पायऱ्या. मागच्या सीटवर सरकवली, बेल्ट लावला, ग्लास ठेवला. मी वर बघितलं. काकू खिडकीत होत्या. त्यांनी अभ्रा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता आणि वर दोन्ही हात. त्यांनी हात हलवला. मला की सवतीला, मी विचारलं नाही.

त्या दिवशी सहा चमचे आले. हवा आणखी कमी करता आली असती, पण टायवाला नको म्हणाला, दुकानातल्या साहेबांना विचारावं लागेल म्हणाला. साहेबांना विचारण्यात दोन आठवडे गेले. तोपर्यंत काकूंना वजनकाट्यावर उभं राहता येईना. मास्तर त्यांना उचलून घेऊन काट्यावर उभे राहायचे. मी खाली वाकून आकडा वाचायची. मग ते एकटे उभे राहायचे. त्यातून हे वजा.

"अडतीस," मी म्हणाले.

"नवरदेव पण वाळलाय बघ," काकू पलंगावरून म्हणाल्या. "त्याचंही लिही."

पुन्हा शिवण उसवली. बादलीत आणखी चार किलो. बादली आता निम्म्याच्या वर होती. मास्तरांनी वहीचं पान फाडलं.

तिसऱ्या फेरीत मात्र त्यांनी फक्त राखाडी घेतली. हवा कमी केलेली. अकरा गतिरोधक, उखडलेलं डांबर, पुन्हा अकरा गतिरोधक. मागून एकदाच आवाज आला, "थोडं." दुकानात आल्यावर त्यांनी चमच्याने पाणी भरलं. एक, दोन, तीन, चार. पाचवा चमचा अर्धाच रिता झाला आणि पाणी लाल दोऱ्याला लागलं. मास्तर दुकानातल्या खुर्चीवर बसले. टायवाल्याने त्यांना पाणी आणून दिलं. ते त्या पाण्याकडे बघत राहिले.

"साडेचार," ते मला म्हणाले. "लिही, एमेबाई. हीच घ्यायची."

गाडी पुढच्या गुरुवारी मिळणार होती. शनिवारी ताईंकडे जायचं ठरलं. मास्तरांनी खुर्ची उचलायला आपले दोन जुने सोबती सांगून ठेवले, दोघंही लिफ्टवाले. काकूंनी फोनवर ताईंना सांगितलं. ताई रडल्या. काकू म्हणाल्या, "आत्ताच रडून घे. आल्यावर चालणार नाही."

मंगळवारी सकाळी दहाला फोन वाजला. फोन डाव्या हाताच्या टेबलावर होता. रोज मास्तर द्यायचे. त्या दिवशी ते गॅलरीत कपडे वाळत घालत होते. काकू तो घ्यायला जराशा वळल्या. पडल्या नाहीत, आपटल्या नाहीत. फक्त वळल्या. मास्तर सांगतात, आतून काडी मोडल्यासारखा आवाज आला. फोन वाजत राहिला.

डॉक्टर घरी आले. बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाले, "आता बसवायचं नाही. अजिबात. सरळ झोपवूनच."

"किती दिवस?" मास्तरांनी विचारलं.

डॉक्टरांनी बॅग बंद केली. "दिवस मोजू नका," ते म्हणाले.

"आणि झोपवून? बहिणीकडे? बासष्ट किलोमीटर आहे."

"हॉस्पिटलपर्यंतचे सहा सोसले तरी पुष्कळ."

गुरुवारी गाडी आली. ठरल्याप्रमाणे. टायवाल्याला काही माहीत नव्हतं. त्याने किल्ली दोन्ही हातांनी दिली आणि फोटो काढू का विचारलं. मास्तर म्हणाले, नको. तो गेल्यावर त्यांनी टेप काढला आणि मागची सीट आडवी मोजली. बावन्न इंच. काकू साठ इंच. मग तिरकी मोजली. मग पुढची सीट मागे पाडून मोजली. ती सपाट होत नव्हती. गाडीत वाकून वाकून त्यांनी तासभर मापं घेतली. मी वही धरून उभी होते. त्यांनी मला काही लिहायला सांगितलं नाही.

मग म्हणाले, "सवत आण."

"मास्तर."

"दुकानातली गाडी वेगळी, ही वेगळी. नवी आहे. चाचणी झाली पाहिजे."

आम्ही सवतीला आणली. बेल्ट लावला. मी गाडी चालू केली, तर ते म्हणाले, "राहू दे. उद्या करू." ते वर गेले. सवत तशीच गाडीत राहिली.

काकूंनी त्यांना विचारलं, "कशी आहे?"

"बरी आहे."

"बरी म्हणजे?"

"आवाज नाही तिला."

"माझ्यासारखी नाही म्हणजे." काकू हसल्या. हसणं मध्येच थांबलं, कारण दुखलं.

मास्तर स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी मला खूण केली. मी कान जवळ नेला.

"त्या फळ्यांवरून खुर्ची नेली होती ना. पाच चमच्यांना."

"हो."

"मला काही झालं नव्हतं. दहाही सोसले असते. यांचे हात थरथरायला लागले होते खुर्ची ढकलताना. मला बघवेना. म्हणून पुरे म्हटलं."

मी वही मिटली.

"मला काय ठाऊक, ते वहीत लिहितील," काकू म्हणाल्या. "सांगू नकोस त्यांना."

आत कपबशीचा आवाज होत होता. वही माझ्या मांडीवर होती. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, पाच चमचे. ते पान फाडलेलं नव्हतं, कारण मर्यादा बदलत नाही.

सोमवारी दुखणं औषधांना ऐकेना. ॲम्ब्युलन्स आली. दोन जुने सोबती आणि मास्तर, तिघांनी काकूंना फळीवर झोपवून त्रेपन्न पायऱ्या उतरवल्या. लिफ्टवाले होते. कुठल्याही पायरीवर हिसका बसू दिला नाही. काकूंनी वाटेत डोळे उघडले आणि म्हणाल्या, "कुठल्या मजल्यावर?" एक सोबती म्हणाला, "तळमजला, वहिनी." त्यांनी डोळे मिटले.

मास्तर ॲम्ब्युलन्समध्ये बसले. मला म्हणाले, "मागून गाडी घेऊन ये. परत यायला लागेल." मी नवी गाडी काढली.

वखारींमागचा रस्ता. ॲम्ब्युलन्सला स्प्रिंगऐवजी मालट्रकसारखे कडक लोखंडी पाटे असतात, हे मास्तरांनी कधीच मला सांगितलं होतं. पहिल्या गतिरोधकावर तिचं मागचं दार हादरलं. दुसऱ्यावर तिचं मागचं चाक उचललं गेल्यासारखं वाटलं. दाराला चौकोनी काच होती. काचेतून मास्तरांचं डोकं दिसत होतं. ते काकूंवर वाकले होते, दोन्ही हात त्यांच्या अंगाखाली घालून. प्रत्येक गतिरोधकावर ते डोकं काचेतून खाली जायचं आणि परत यायचं. मी मोजत होते. मला सवय लागली होती.

माझी गाडी त्याच गतिरोधकांवरून जात होती. काहीच लागत नव्हतं. हवा मास्तरांनी दुकानातूनच कमी करून घेतली होती. उखडलेल्या डांबरावर ॲम्ब्युलन्स डावीकडे कलली, उजवीकडे कलली. मी आरशात बघितलं. मागच्या सीटवर सवत बेल्ट लावून बसली होती. ताठ. मांडीतला कप्पा रिकामा. ती जराही हलत नव्हती.

हॉस्पिटलच्या दारात काकूंना उतरवून आत नेलं. मास्तरांना बाहेर थांबायला सांगितलं. ते हात अंगापासून लांब धरून उभे होते, अजून काहीतरी उचलल्यासारखे. मग माझ्या गाडीपाशी आले. मागच्या काचेतून आत बघितलं.

"हलली?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावं असं मला वाटलं. पण कुठलं उत्तर खोटं आणि बरं, ते कळेना.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. खिसा चाचपला, पेन्सिल काढली, परत ठेवली.

"म्हणजे राखाडीच बरोबर होती," ते म्हणाले, आणि बाकावर जाऊन बसले.

काकू तिथे नऊ दिवस होत्या. रोज दहाला मास्तर त्यांच्या कानाशी फोन धरायचे. ताई विचारायच्या, "कधी येतेस?" पहिले चार दिवस काकू म्हणाल्या, येते. नंतर मास्तर म्हणायचे, "ती ऐकतेय, ताई. बोला तुम्ही."